नागपूरकडचा सांधा

वीज कार्यालयात नोकरी करणाऱ्या माणसाला विजेतलं कळतं, असा पांढुर्ण्यात एक जुना गैरसमज आहे. देवीदास त्या कार्यालयात आवक-जावक बाबू होता. कागद कुठून आला आणि कुठे गेला हे तो झोपेतून उठवलं तरी सांगायचा. करंट कुठून येतो आणि कुठे जातो हे मात्र त्याने बारा वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं, आणि आता विचारायची सोयही उरली नव्हती, कारण मोहल्ल्यातली लाइट गेली की लोक त्यालाच हाक मारायचे. तो बाहेर यायचा, खांबाकडे गंभीरपणे पाहायचा, "वरूनच गेली आहे" म्हणायचा आणि लाइनमनकडे निरोप धाडायचा. एवढ्याशा भांडवलावर त्याचा बराच मान होता.

म्हणून सत्याऐंशी साली बाबासाहेबांच्या जयंतीची सभा भरली आणि समितीचे अध्यक्ष नत्थूजी म्हणाले, "या साली झांकी हालती पाह्यजे, सावरगाववाल्यायची मागच्या साली हालत होती," तेव्हा सगळ्यांच्या माना आपोआप देवीदासकडे वळल्या. नदीपल्याडच्या सावरगावच्या झांकीत, म्हणजे जयंतीच्या देखाव्यात, नेमकं काय हालत होतं याबद्दल मतभेद होते. काहींच्या मते चक्र फिरत होतं, काहींच्या मते टेबलफॅनच्या वाऱ्याने मागचा पडदा. पण काहीतरी हालत होतं हे नक्की, आणि नदीच्या अल्याड राहणाऱ्या कुणालाही ते सहन होण्यासारखं नव्हतं.

देवीदासने जागच्या जागी हो म्हणून टाकलं. घरी येताना त्याला अक्षरशः पळावंसं वाटत होतं, कारण त्याच्या डोक्यात एक रेल्वेगाडी होती आणि ती कधीची सुटायला टेकली होती.

देवीदासचे वडील कवडूजी पांढुर्णा स्टेशनवर चौतीस वर्षं सांधेवाले होते. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळते तो जोड म्हणजे सांधा, आणि त्याचा लोखंडी दांडा ओढणारा तो सांधेवाला. छपन्न सालच्या दसऱ्याला, नागपूरला दीक्षा होती तेव्हा, स्टेशनवर सांधेवाले दोघे होते, कवडूजी आणि शेजारचा चिंधू. दोघांपैकी एकालाच जाता येत होतं. कवडूजी म्हणाले, "तू जा." चिंधू गेला. नागपूरकडे जाणारी प्रत्येक गाडी छपरापर्यंत भरलेली होती, आणि तिचा सांधा कवडूजींनी आपल्या हाताने लावून दिला. अख्ख्या मुलखाला नागपूरला धाडलं आणि स्वतः दांड्यापाशी उभे राहिले.

चिंधू परत आला तो सांगतच आला, आणि एकतीस वर्षं सांगत राहिला. पहिल्या वर्षी त्या मैदानात माणसं मावत नव्हती. दहाव्या वर्षी नागपुरात माणसं मावत नव्हती. अलीकडे तर गर्दीचं एक टोक कामठीला पोचलं होतं. कवडूजी प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे "हो का" म्हणायचे. नंतर ते नागपूरला कितीदा तरी जाऊन आले, पण तो दिवस काही पुन्हा हाती लागला नाही, आणि त्याबद्दल ते कधी बोललेही नाहीत.

तर देवीदासच्या मनात असं होतं की झांकीत पांढुर्णा ते नागपूर रेल्वे करायची. डब्यात पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसवायची आणि पहिल्याच डब्यात सांधेवाल्याच्या निळ्या शर्टातलं एक बाहुलं ठेवायचं. ते बाहुलं म्हणजे बाबा, कवडूजी. गाडीला नागपूरकडे वळवणारा सांधा बाबांनीच बदलायचा, पण दांडा ओढून नाही, बटण दाबून. चौतीस वर्षं दांडे ओढून त्यांचा उजवा खांदा असा धरला होता की हात कानाच्या वर जात नसे. एकदा तरी बाबांनी खुर्चीवर बसून, एका बोटाने सांधा बदलावा, एवढंच देवीदासला हवं होतं. हे त्याने फक्त बायकोला, मालतीला सांगितलं.

"मामाजीले आत्ताच नका सांगू," मालती सासऱ्यांबद्दल म्हणाली, "आधी गाडी तर चालू द्या."

खेळण्यातली गाडी नागपूरच्या बर्डीवरच्या बाजारातून आणली. दोन सेलवर चालणारी, काळं इंजिन आणि तीन डबे. तिच्याबरोबर मिळालेले रूळ चुलीभोवती ठेवण्याएवढेच होते, म्हणून गोडेतेलाचे डबे कापून पट्ट्या काढल्या आणि संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्यांवर ठोकल्या. या कामाला मालतीचा भाऊ मनोहर होता. त्याचं सौंसरला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि विजेतलं त्याला खरोखरच कळायचं. देवीदास दर शनिवारी बसने सौंसरला जायचा आणि मेहुण्यासमोर सगळं समजल्यासारखी मान हालवून परत यायचा.

मनोहरने सांध्यांच्या मोटरी बनवल्या त्या दारावरच्या टिंग-टाँग बेलमधून. त्या बेलच्या पोटात तारेचं एक वेटोळं असतं आणि त्यात लोखंडाची कांडी. करंट दिला की कांडी खटकन आत ओढली जाते. एका सांध्याला अशा दोन बेली, एक इकडे ओढायला, एक तिकडे. वेटोळी जाड तारेने परत गुंडाळली आणि जुन्या रेडिओतला एक ट्रान्सफॉर्मर सगळ्यांत मिळून बसवला, म्हणजे पोराबाळांनी हात लावला तरी झटका नको. सांधे दोनच होते. पहिला गाडीला पांढुर्णा स्टेशनातून बाहेर काढणारा, दुसरा तिला गोल फेरीतून नागपूरकडे वळवणारा. "आता फक्त स्विचेस लावा, भाऊजी," मनोहर म्हणाला. कोणते स्विचेस, हे विचारणं देवीदासच्या हुद्द्याला शोभणारं नव्हतं.

त्याने घरातल्या दिव्यांना असतात तसे चार काळे स्विच आणले, मनोहरच्या चिठ्ठीबरहुकूम तारा जोडल्या आणि रविवारी सकाळी मालतीला बोलावून एक खाली केला. खट्. सांधा सरकला. टिनाची पट्टी, दोन इंच लांबीची, पण ती त्याच्या सांगण्यावरून सरकली होती. तो कौतुकाने बघतच राहिला, आणि स्विच खालीच राहिला. थोड्या वेळाने मालतीने नाक वर केलं आणि धावत स्वयंपाकघरात गेली. तिथून ती सावकाश परत आली.

"भाजी नाही करपली जी," ती म्हणाली, "तुमची रेल्वे करपून राहिली."

मनोहर दुसऱ्याच दिवशी आला आणि जळलेलं वेटोळं हातात धरून हसत बसला. "भाऊजी, याले धक्का द्याचा असते, धरून नाही ठेवाचं. बेलचं बटन लागते याले. दाबलं अन् सोडलं."

आता त्या मोहल्ल्यात बेलचं बटण कुणाकडे असणार? दारं दिवसभर उघडी, आणि येणारा माणूस रस्त्यापासूनच हाका मारत घरात शिरून पाण्याचा ग्लास हातात घेतो. चार बटणं शेवटी सौंसरहून आणावी लागली. देवीदासने ती एका फळीवर ओळीने बसवली आणि खाली चुन्याने लिहिलं: दाबा, सोडा.

तोवर बातमी पसरली होती आणि सल्ला द्यायला माणसं येऊ लागली होती. चिंधूकाका रोज यायचे आणि डब्यात माणसं कमी आहेत म्हणायचे. मालती कापसाची बाहुली वळत होती, पांढुर्ण्याला कापसाची काय कमी, पण चिंधूकाकांच्या आठवणीतली गर्दी भागवायला एक जिनिंगचा कारखाना लागला असता. नत्थूजींना इंजिनावर निळा झेंडा हवा होता. शेजारच्या देवकाबाईंचं म्हणणं, वाटेत लोधीखेडा स्टेशन ठेवा, माझी लेक तिथं दिली आहे. लोधीखेडा छोट्या लाइनवर आहे, या लाइनवर येत नाही, असं देवीदासने समजावलं.

"मंग काय झालं," देवकाबाई म्हणाल्या, "पुठ्ठ्याचंच तं आहे. आणून ठेव ना."

कवडूजी कुणी न बोलावता ओसरीत यायचे आणि काही न बोलता फळीजवळ पालथे पडायचे. एक डोळा मिटून सांध्याच्या फटीत आगपेटीची काडी घालून बघायचे. काडी आत गेली की म्हणायचे, "गाडी घसरन." मग देवीदास कानस घेऊन पट्टी घासायचा. असं अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी काडी गेली नाही, तेव्हा कवडूजींनी खिशातून शिलाई मशीनच्या तेलाची बुधली काढून एक थेंब सोडला. उठताना त्यांनी विचारलं,

"दांडा कुठी आहे याचा?"

"दांडा नाही बाबा. बटन आहे. दाबलं का सांधा बदलते."

"अस्सं," कवडूजी म्हणाले. "मंग सांधेवाला काय करते?"

याचं उत्तर देवीदासच्या ओठांवर होतं, पण मालतीने डोळे वटारले. कवडूजी बुधली घेऊन निघून गेले आणि दुसऱ्या दिवशी आले नाहीत. देवीदासला फार वाईट वाटलं. त्याने मनात म्हटलं, चौदा तारखेपर्यंत फक्त, बाबा.

राहिलं होतं मंडपाचं तात्पुरतं कनेक्शन. अर्ज वीज कार्यालयात करायचा असतो. देवीदासने अर्ज लिहिला, स्वतःच स्वीकारला, आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला आणि स्वतःला पोच दिली. इथवर काम विजेच्या वेगाने झालं. कार्यालयाचे कागद हिंदीत असत, आणि घोळ झाला तो 'प्रयोजन' या रकान्यात. 'जयंती की रोशनी' एवढं लिहिलं असतं तर अर्ध्या तासात सही झाली असती. पण दोन महिने माणसाच्या मनात एकच गोष्ट चालू असली की हातून तीच उतरते. त्याने लिहिलं, 'रेलवे के कांटे बदलने वाली मोटरों हेतु'.

चार दिवसांनी शेरा आला: 'प्रकरण रेलवे से संबंधित प्रतीत होता है। मोटरों की अश्वशक्ति स्पष्ट करें तथा रेलवे की अनापत्ति संलग्न करें।' हे पत्र अर्जदार देवीदास यांना पाठवायचं होतं. जावक बाबू देवीदास यांनी त्याची नोंद केली, लिफाफ्यात घातलं, पत्ता लिहिला, आणि नियम डाकेचा असल्यामुळे डाकेत टाकलं. ते दुसऱ्या दिवशी दुपारी, तो कार्यालयात असताना, घरी पोचलं. सरकारी शिक्का पाहून मालतीला वाटलं, नवऱ्याला नोकरीवरून काढलं. ती तशीच उन्हातून कार्यालयात आली आणि खिडकीत त्याला जिवंत आणि नोकरीत बघून तिथल्या तिथे चिडली.

अश्वशक्ती किती लिहायची हे विचारायला तो पुन्हा सौंसरला गेला. "घोडे कायचे, भाऊजी," मनोहर म्हणाला, "दोन झुरळं लिहा." झुरळांसाठी रकाना नव्हता. मग अनापत्तीसाठी, म्हणजे ना-हरकत पत्रासाठी, तो स्टेशनवर गेला. स्टेशनमास्तरांनी कवडूजींचा मुलगा म्हणून चहा पाजला, कागद दोनदा वाचला आणि विचारलं की हे सांधे कोणत्या किलोमीटरवर आहेत. देवीदासने सांगितलं, आमच्या ओसरीत. यावर मास्तरांनी त्याला आणखी एक चहा मागवला आणि विषय बदलला.

बारा तारीख उजाडली तरी कनेक्शन नाही. शेवटी नत्थूजी स्वतः धुतलेलं धोतर नेसून वीज कार्यालयाच्या साहेबांकडे गेले आणि अर्ध्या तासात हसत परत आले. साहेबांनी 'रेलवे' खोडून 'सजावट' लिहिलं होतं आणि सही केली होती.

"अन् मी त्यायले प्रमुख पाहुणे केलं," नत्थूजी म्हणाले. "साहेब बटन दाबून उद्घाटन करन."

देवीदासने घाईने विचारलं, "कोणतं बटन?"

"जे मेन असन ते."

त्या संध्याकाळी देवीदास आयुष्यात पहिल्यांदा समितीशी भांडला. बटणं दोन महत्त्वाची आहेत, पहिलं पांढुर्ण्याचं, ते साहेबांना द्या, हात जोडून द्या, हार घालून द्या, पण नागपूरचं बटण माझा बाप दाबेल. नत्थूजींनी हळूच होकाराची मान हालवली.

चौदा तारखेच्या संध्याकाळी मंडप फुलून गेला होता. सावरगावहूनही माणसं आली होती, आणि ती काही बोलत नव्हती, यातच सगळं आलं. वंदना झाली. निळ्या पडद्यासमोर बाबासाहेबांची तसबीर, तिच्या पायाशी नागपूर, आणि नागपुरात मालतीची कापसाची माणसं दाटीवाटीने उभी. देवीदासने कवडूजींना हाताला धरून आणलं आणि फळीसमोरच्या खुर्चीवर बसवलं.

"बाबा, हे नागपूरचं बटन. गाडी या वळणावर आली का दाबाचं अन् सोडाचं. एका बोटानं. अन् पहिल्या डब्यात पाहा."

कवडूजींनी वाकून पाहिलं. निळा शर्ट, काळी टोपी, आणि मालतीने मुद्दाम उजवा हात डाव्यापेक्षा जरा खाली शिवलेला. मग ते खुर्चीवर नीट बसले आणि उजव्या हाताचं बोट शर्टाला पुसून तयार ठेवलं.

साहेब आले, हार झाले. देवीदासने त्यांच्या कानाशी लागून सांगितलं, "सर, दबाना है और छोड़ देना है।" साहेबांनी समजल्याची मान हालवली. फोटोग्राफर वसंत समोर गुडघ्यावर बसला. साहेबांनी बटण दाबलं. खट्. सांधा बदलला, मनोहरने इंजिन चालू केलं, गाडी पांढुर्ण्यातून निघाली आणि मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला.

"साहेब, तसेच राहा," वसंत म्हणाला. फ्लॅश उडाला नव्हता.

आपल्याकडे उद्घाटनाच्या फोटोचा एक शिरस्ता आहे. कात्री फितीत असो की काडी दिव्यावर, फोटो निघेपर्यंत पाहुणा हात हालवत नाही. साहेब मुरलेले पाहुणे होते. ते बटणावर बोट ठेवून कॅमेऱ्याकडे प्रसन्न बघत राहिले. वसंतने बल्ब बदलला. "जरा इकडे, साहेब." साहेब इकडे वळले, बोट जागेवर. देवीदास कुजबुजला, "सर, उंगली..." बोट कमी पडतंय असं समजून साहेबांनी अंगठा लावला आणि जोरात दाबला. फ्लॅश उडाला. आणि फळीखालून धुराची एक बारीक रेघ वर आली.

"वाह," साहेब म्हणाले, "धुआँ भी निकलता है।"

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. वाफेच्या इंजिनाला धूर हवाच, आणि सावरगावच्या झांकीत तर धूर मुळीच नव्हता. मनोहरने देवीदासकडे पाहून नुसती नकाराची मान हालवली. ट्रान्सफॉर्मर गेला होता, आणि त्याच्याबरोबर चारही बटणं गेली होती.

गाडी मात्र स्वतःच्या सेलवर होती. ती वळण घेऊन नागपूरच्या सांध्यापाशी आली. कवडूजींनी बटण दाबलं आणि सोडलं. सबंध मंडपात ते एकटेच होते ज्यांनी बटण अगदी सांगितल्यासारखं दाबलं. काही झालं नाही. गाडी सरळ निघून गेली आणि फेरी मारून पांढुर्ण्याला परत आली. पुन्हा वळण, पुन्हा बटण, आणि निळ्या शर्टाचं बाहुलं पुन्हा पांढुर्ण्याला.

"कवडू," गर्दीतून चिंधूकाका म्हणाले, "या बारीलेही राहिला काय रे तू."

देवीदासला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला संत्र्याच्या पेट्यांसकट पोटात घेईल तर बरं. दोन महिन्यांची धावपळ, आवक, जावक, झुरळं, सगळं करून त्याने बापाला सगळ्या गावासमोर तिथेच आणून उभं केलं होतं जिथे तो एकतीस वर्षांपूर्वी उभा होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते धुराचं आहे असं त्याने शेजाऱ्याला सांगितलं.

तेवढ्यात कवडूजी खुर्चीवरून उठले. झांकीभोवतीची दोरी वर करून आत शिरले आणि गुडघे टेकत नागपूरच्या सांध्यापाशी गेले. चौतीस वर्षांच्या सवयीने त्यांनी आधी गाडी किती लांब आहे ते पाहिलं. मग दांडा धरल्यासारखी मूठ वळली. खाली पाहिल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की इथे मुठीचं काम नाही, आणि त्यांनी मूठ सोडली. एक बोट पुढे केलं, टिनाच्या पट्टीला टेकवलं आणि ढकललं. पट्टी पलीकडे जाऊन बसली. फटीकडे एक डोळा मिटून पाहिलं. काडीची गरज नव्हती.

"हलका आहे रे," ते देवीदासकडे बघून म्हणाले.

गाडी आली, सांध्यावर जराशी डुलली, आणि वळली. नागपूरच्या रुळावरून ती थेट तसबिरीच्या पायाशी गेली आणि कापसाच्या माणसांत नाक खुपसून थांबली. पहिला डबा गर्दीत बुडाला, निळा शर्ट तेवढा वर दिसत राहिला. मंडपात टाळ्या वाजल्या, साहेबांनीही वाजवल्या, आणि सावरगावच्या दोघातिघांनीही.

चिंधूकाका दोरीखालून वाकून आत आले आणि कवडूजींच्या शेजारी मांडी घालून बसले. दम लागला होता, तरी त्यांनी सुरुवात केलीच.

"कवडू, तिथं काय गर्दी होती म्हनतो मी, त्या दिवशी..."

कवडूजींनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. नजर त्यांची कापसातच होती.

"राहू दे, चिंधू," ते म्हणाले. "दिसून राहिली मले."